शाळेसाठी निधी : गाव मनापासून देईल असा मार्ग कसा निवडावा

शाळेचं पावतीपुस्तक छापण्याआधी एक मोजणी करावी. गावातलं एक घर वर्षभरात किती वर्गण्या देतं? सातारा-सांगलीकडच्या मध्यम गावात गणपती, नवरात्र, एक-दोन जयंत्या, यात्रा, हरिनाम सप्ताह, एखाद्या देवळाचा जीर्णोद्धार, कुस्त्यांचं मैदान अशा सात-आठ पावत्या प्रत्येक दारात फाटतात. किराणा आणि खताच्या दुकानदाराकडे तर याहून जास्त. शाळेची पावती त्यांच्या मागून, नववी म्हणून येते आणि तिथंच अडते. शाळेबद्दल गावाला माया असते, पण महिन्यात तिसऱ्यांदा खिशात हात घालायला कुणाचंही मन कचरतं.

म्हणून मार्ग निवडताना पहिला प्रश्न असा असावा : या घरातून काय सहज निघू शकतं? कुठं रोख निघेल, कुठं रद्दी, कुठं एका वेळचं दूध, कुठं गवंड्याचे दोन दिवस. रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड याच विचारावर चालला. १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात सुरू झालेल्या या संस्थेच्या वसतिगृहांसाठी बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. ज्या घरात रुपया नव्हता त्या घरात मूठभर ज्वारी होती. आज मागताना हीच नजर ठेवायला हवी.

आधी गरज, तीही मोजलेली

"शाळेच्या विकासासाठी सढळ हाताने मदत करा" या वाक्यानं कुणाचा हात सढळ होत नाही. विकास म्हणजे काय, किती, आणि पूर्ण झालेला कुणी पाहायचा? त्याऐवजी "तिसरी-चौथीच्या वर्गात १८ बाक" असं म्हणावं. तीन ठिकाणची दरपत्रकं आणावीत. हमाली आणि टेम्पोचं भाडं धरून आकडा काढावा. समजा बाक ४,२०० रुपयांना पडतो, तर १८ बाकांचे ७५,६०० आणि वाहतुकीचे ३,४०० मिळून ७९ हजार. इथून पुढं सगळीकडे हाच आकडा बोलायचा. मध्येच तो वाढला तर विश्वास जातो, त्यामुळे सुरुवातीलाच नीट काढावा.

त्याआधी हे काम दुसऱ्या पैशातून होतं का तेही बघावं. जिल्हा परिषदेच्या शाळेला केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून पटानुसार १० हजारांपासून १ लाखापर्यंत संयुक्त शाळा अनुदानाची तरतूद असते. १०१ ते २५० पटाला ती ५० हजारांची आहे. गावातला एखादा जाणता माणूस सभेत हे विचारणारच. "अनुदान कुठं गेलं?" या प्रश्नाला वीजबिल, खडू-फळा, दुरुस्ती असा खर्चाचा कागद मुख्याध्यापकांच्या हातात तयार असला तर पुढची अर्धी सभा सोपी जाते. कागद नसला तर ती सभा तिथंच संपली समजा.

ठराव शाळा व्यवस्थापन समितीत करावा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी महिला सदस्यांची सही घरी जाऊन घेतली जाते. निधीच्या बाबतीत हे टाळावं. घरातून काय निघू शकतं याची खरी माहिती त्यांच्याकडेच असते, आणि रद्दी असो वा फराळ, काम त्यांच्याच हातांनी होणार असतं.

हंगाम चुकला की सगळं चुकलं

जूनमध्ये कुणाकडे काही मागू नये. पेरणी, खत, वह्या, गणवेश असा सगळा खर्च एकाच महिन्यात येतो. शाळांच्या बऱ्याचशा निधी मोहिमा मात्र नवं वर्ष सुरू झालं म्हणून जूनमध्येच काढल्या जातात आणि फसतात.

कृष्णाकाठच्या उसाच्या गावांत, म्हणजे कराड, वाळवा, पलूस भागात, पहिली बिलं खात्यावर पडल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारीत विचारावं. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल. पण त्या वर्षी अवकाळीनं बागा गेल्या असतील तर मोहीम सरळ पुढं ढकलावी. पाटण, जावळीच्या डोंगरी गावांत पैसा मुंबईत असतो आणि तो यात्रेला घरी येतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा होतात, तेव्हा मुंबईकर दोन-तीन दिवस गावात असतात. त्या दिवसांत शाळा उघडी ठेवून मोडका वर्ग दाखवावा. पत्रकापेक्षा ते जास्त बोलतं. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या या धंद्यातून त्यांनी आपल्या गावांना बरंच दिलंय. तेही दिवाळीला आणि यात्रेला येतात. त्यांच्याकडे कागद आधी महिनाभर पाठवावा, म्हणजे गावात आल्यावर विचार झालेला असतो.

दुष्काळी पट्ट्यात, माण, खटाव, जत भागात, रोखीपेक्षा श्रमदान आणि दुधावर भर द्यावा. दुधाचं बिल दहा-पंधरा दिवसांनी येतं. वर्षभर थोडा थोडा हात चालू ठेवणारं ते एकच उत्पन्न.

कोणता मार्ग किती देतो

प्रत्येक मार्गाला दोन आकडे लावावेत : खर्च जाऊन हातात काय राहतं, आणि त्यासाठी किती माणसांचे किती तास जातात. ४० पालकांनी दोन दिवस राबून ६ हजार उरत असतील तर तो उपक्रम निधीसाठी घेऊ नये. मुलांच्या आनंदासाठी जरूर घ्यावा, पण मग तसंच म्हणावं.

रद्दीपासून सुरुवात करणं बरं, कारण तिला कुणी नाही म्हणत नाही. १३० घरांतून सरासरी ६ किलो धरले तर ७८० किलो होतात. १२ रुपये भाव मिळाला तर ९,३६०, आणि किरकोळ खर्च जाऊन ९ हजार. वेळ : घटस्थापनेच्या आधीचा आठवडा, कारण तेव्हा घरोघर साफसफाई निघते. दुसरी फेरी एप्रिलमध्ये, परीक्षा झाल्यावर. भर पावसाळ्यात घेऊ नये. ओल धरलेल्या गठ्ठ्याला भाव मिळत नाही आणि व्हरांड्यात ठेवला तर वाळवी लागते. वर्तमानपत्रं, वह्या-पुस्तकं आणि पुठ्ठा यांचे भाव वेगळे असतात, त्यामुळे वेगवेगळे गठ्ठे बांधावेत. एकत्र दिले तर सगळ्याला पुठ्ठ्याचा भाव लागतो. सुतळीनं १० किलोचे गठ्ठे करून आधी किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून चिठ्ठी लावावी. रद्दीवाल्याच्या ताणकाट्यावर दर गठ्ठ्याला अर्धा किलो इकडं-तिकडं झालं तर ७८ गठ्ठ्यांत ३९ किलो जातात. गठ्ठे बांधताना आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, बँकेचे कागद वेगळे काढून फाडावेत. शाळेच्या उत्तरपत्रिका किंवा दप्तरातले कागद चुकूनही यात जाऊ देऊ नयेत.

दुधाच्या गावात "एका वेळचं दूध" हा मार्ग फार चांगला चालतो. ४० घरं, सरासरी ५ लिटर, ३५ रुपये दर, म्हणजे ७ हजार. दूध संस्थेच्या सचिवाशी बोलून एक तारीख ठरवावी आणि त्या दिवशीच्या सकाळच्या दुधाची रक्कम शाळेच्या खात्यावर वळवावी. यात एक गोष्ट काटेकोर पाळायला हवी : प्रत्येक घराची लेखी संमती. नाव, सभासद क्रमांक, तारीख, "फक्त एक वेळ" आणि सही. संमती नसताना बिलातून रक्कम गेली तर लोक ती कपात म्हणूनच बघतात. त्याच कारणासाठी उसाच्या बिलातून "टनामागे इतके" असं काही सुचवू नये. ऊस उत्पादकाला बिलातली कपात आधीच बोचत असते. शाळेनं त्यात भर घालू नये.

विकायची वस्तू निवडताना ती घरात तशीही आणली जाणार होती का, एवढंच बघावं. डायऱ्या, कीचेन, शाळेचं नाव छापलेले कप पालक मुलाच्या तोंडाकडे बघून एकदा घेतात, पुढच्या वर्षी घेत नाहीत. उलट दिवाळीच्या आधी बेदाणा लागतोच. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांनाही या दोन्ही वस्तू आनंदानं पाठवल्या जातात. हिशोब असा : १०० किलो बेदाण्याची पाव किलोची ४०० पाकिटं. २२० रुपये किलोनं घेतला तर पाकिटाला ५५, पाकीट आणि लेबल ५, एकूण ६०. ८५ ला विकलं तर २५ सुटतात, म्हणजे १० हजार. भाव दर वर्षी बदलतो, पण पाकिटामागे २० रुपयांच्या आत सुटत असतील तर या खटाटोपात पडू नये.

बिघडतं ते खरेदीत आणि पॅकिंगमध्ये. नमुना पेटीच्या वरून न घेता तळातून घ्यावा. शीतगृहातून काढलेला थंड बेदाणा लगेच पाकिटात भरला तर आत दमटपणा धरतो, दाणे चिकटतात आणि आठवड्यात बुरशीचा वास येतो. पेटी बंदच ठेवून एक दिवस बाहेर राहू द्यावी, थंडावा गेल्यावर भरावी. भरण्याचं काम परवाना असलेल्या पॅकिंगवाल्याकडूनच करून घ्यावं. लेबलवर अन्न परवाना क्रमांक, वजन, पॅकिंगची तारीख आणि किंमत हवी. मानांकनाचं चिन्ह मात्र नोंदणीकृत वापरकर्त्यालाच लावता येतं, शाळेनं ते छापू नये. आणि माल आधी आणून ठेवू नये. दसऱ्यापर्यंत निम्मे पैसे घेऊन मागणी नोंदवावी, जेवढी मागणी त्यावर दहा टक्के जास्त एवढाच माल उचलावा. साताऱ्याकडच्या शाळांना कंदी पेढ्यांचा मोह होतो, पण पेढा टिकत नाही, वाटप दोन दिवस लांबलं की नुकसान. त्यापेक्षा कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा हे कडधान्य घ्यावं, कोरडा आणि टिकाऊ माल.

बालबाजाराबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण तो सगळ्यात लोकप्रिय आणि निधीच्या दृष्टीनं सगळ्यात फसवा. मुलं घरच्या शेतातली मेथी, शेपू, कोथिंबीर, लिंबं घेऊन बसतात, तराजू धरतात, दहाची नाणी मोजतात. ते शिक्षण मोलाचं आहे. पण मुलांनी कमावलेले पैसे मुलांकडेच राहिले पाहिजेत. ते शाळेनं गोळा केले तर पालक पुढच्या वेळी भाजी देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. निधी येतो तो बाजाराच्या निमित्तानं शाळेत आलेल्या माणसांकडून. फाटकाजवळ एक टेबल, त्यावर बाकाचा नमुना, क्यूआर कोड आणि पावतीपुस्तक ठेवावं. बाक खरा आणून ठेवावा, चित्र नको. आजोबा त्यावर बसून बघतात, हलतो का ते चाचपतात आणि मग खिशात हात घालतात. बाजार गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नये. शनिवारची सकाळ बरी. ५ आणि १० च्या नाण्यांत किमान ३ हजारांची मोड आदल्या दिवशी बँकेतून आणावी, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात सगळा व्यवहार अडतो. खाण्याचे स्टॉल असतील तर तळणाच्या कढया मुलांपासून दूर, मोठ्यांच्या हाती. शाळेच्या आवारात जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ मुलांना विकायला २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. तेव्हा थालीपीठ, उकडलेली कणसं, ताक, भेळ यांवर भर द्यावा. सोडा आणि वेफर्सची पाकिटं नकोत.

माजी विद्यार्थ्यांना सरसकट आवाहन केलं तर फार कमी येतं. तुकडीला मागावं. दहावीच्या एकेका वर्षाचा व्हॉट्सॲप गट असतोच. त्या गटातल्या दोघांना शाळेत बोलवून "तुमच्या तुकडीचे तीन बाक" असं सांगावं. तीन बाकांचे १२,६००. वीस जणांत विभागले तर प्रत्येकी ६३०. अशा दोन तुकड्या मिळाल्या की २५,२०० झाले. एका तुकडीनं दिलं की दुसरी मागं राहत नाही. पण ही चुरस तुकड्यांतच राहू द्यावी, घराघरांत आणू नये.

श्रमदानाची किंमतही रुपयांत लिहावी. समजा एक वर्ग २० बाय २५ फुटांचा आणि १० फूट उंच आहे. भिंती ९०० चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता ७५०. त्यावरून दोन हातांसाठी किती इमल्शन लागेल ते काढावं, प्रायमर वेगळा. रंग शाळेनं आणला आणि पालकांतल्या दोन रंगाऱ्यांनी दोन दिवस दिले, तर त्यांची चार दिवसांची मजुरी देणगी म्हणून हिशोबात लिहावी आणि त्यांची नावं फलकावर चढवावीत. रोख देणाऱ्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात.

आता बेरीज करू. रद्दीचे ९ हजार, दुधाचे ७, बेदाण्याचे १०, तुकड्यांचे २५,२००. एकूण ५१,२००. ७९ हजारांत राहिले २७,८००. गावात २१० घरं असतील तर घरटी सरासरी १३३ रुपये. आता दारात जाऊन मागताना जीभ अडत नाही. २१ रुपये देणारंही घर असेल आणि ५०१ देणारंही. पावती दोघांनाही फाडावी.

मागायचं कसं

निरोप छोटा आणि आकड्यांचा असावा. असा :

"तिसरी-चौथीच्या ३६ मुलांसाठी १८ बाक घ्यायचे आहेत. खर्च ७९,०००. रद्दी, दूध, बेदाणा आणि माजी विद्यार्थ्यांकडून ५१,२०० जमले. राहिलेल्या रकमेसाठी रविवारी सकाळी ९ ते १२ समितीचे सदस्य घरी येतील. ज्यांना या वेळी जमत नसेल त्यांनी निःसंकोच सांगावं. हिशोब १५ दिवसांत शाळेच्या फलकावर लागेल."

"जमत नसेल त्यांनी सांगावं" हे वाक्य गाळू नये. त्यानं देणारे कमी होत नाहीत, उलट दार लवकर उघडतं. घरी जाताना एक शिक्षक, एक पालक आणि त्या गल्लीतली एक बाई असावी. मुलांना पुढं करू नये. वर्गात "कुणी किती आणले" असं विचारणं, देणाऱ्याला टाळ्या देणं, न देणाऱ्याचं नाव राहिलं म्हणून पुन्हा पुन्हा सांगणं यानं ज्या घरात त्या महिन्यात खरंच पैसे नसतात तिथलं मूल शाळेला यायला लाजतं. कुठल्याही बाकाची किंमत त्याच्या लाजेएवढी नाही.

पालकसभेत एखादा नाराज पालक उठतोच. त्याला तिथल्या तिथं गप्प करू नये. "आण्णा, तुमचं म्हणणं लिहून घेतलंय, खर्चाचे कागद इथंच आहेत, बघा" असं म्हणून फाइल त्याच्या हातात द्यावी. बऱ्याचदा पुढं तोच हिशोब तपासायला येतो, आणि त्याच्यासारखा तपासनीस मिळत नाही.

जे करूच नये

दाखला, निकाल किंवा प्रवेश यांच्याशी देणगीचा दुरूनही संबंध येऊ देऊ नये. प्रवेशाच्या वेळी ठरलेल्या फीखेरीज घेतलेली रक्कम शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमात बसते आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत होऊ शकतो. लकी ड्रॉची कुपनं विकणं सोपं वाटतं, पण शासनाची मान्यता नसलेली लॉटरी चालवणं भारतीय न्याय संहितेच्या २९७व्या कलमाखाली गुन्हा आहे, बक्षीस मिक्सर असलं तरी. स्नेहसंमेलनाला पालकांकडून तिकीट घेऊ नये. स्वतःच्या मुलीचं नृत्य बघायला पैसे मोजावे लागले ही गोष्ट घरोघर वर्षभर बोलली जाते.

पैसा हाताळताना

रक्कम समितीच्या किंवा संस्थेच्या खात्यातच जावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीनं व्यवहार होतो. क्यूआर कोड याच खात्याचा हवा. एखाद्या शिक्षकाच्या फोनवर "तात्पुरते" घेतलेले पैसे कितीही प्रामाणिकपणे भरले तरी संशय राहतो आणि बिचाऱ्या शिक्षकाची झोप उडते. पावतीपुस्तकं क्रमांकाची, किती पुस्तकं कुणाकडे दिली याची नोंद, चुकलेली पावती फाडून न टाकता रद्द लिहून तशीच पुस्तकात.  मोजणी दोघांनी करावी, नोटांची फोड कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, बँकेच्या पुढच्याच कामाच्या दिवशी भरणा करावा. करसवलतीचं आश्वासन संस्थेकडे देणगीवरच्या आयकर सवलतीची (८० जी) नोंदणी असेल तरच द्यावं, आणि २ हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही हेही देणाऱ्याला आधी सांगावं.

बाकांवर नावं घालावीत का, यावर समित्यांत फार वाद होतात. आमचं मत ठाम आहे : बाकावर घालू नयेत. मूल रोज ज्या बाकावर बसतं त्यावर दुसऱ्याच्या घराचं नाव नको. व्हरांड्यात एकच फलक करावा, सगळी नावं एकाच मापाच्या अक्षरांत, रकमेशिवाय, आडनावांच्या अकारविल्हे. रकमेसह पूर्ण हिशोब त्याच्या शेजारी कागदावर लावावा : जमा, खर्च, बिलांच्या प्रती, शिल्लक.

आणि शिल्लक राहतेच. बाक ७६ हजारांत मिळाले आणि ३ हजार उरले, तर ते गुपचूप दुसऱ्या कामाला वळवू नयेत. समितीत ठराव करून पंख्याची दुरुस्ती किंवा पुस्तकं असं काही ठरवावं आणि त्याची एक ओळ त्याच हिशोबाखाली वाढवावी. तो कागद पुढच्या मोहिमेपर्यंत फलकावरून काढू नये. पावसानं भिजला तर नवा लावावा.